दोनशे दहा ठिपके

"या वेळी एकही नाही बरं का," असं मोजणारी म्हणाली आणि इतकी गोड हसली, की मीही हसले. माझं हे असंच आहे. समोरचा हसला की माझं तोंड आपोआप पसरतं, आणि कशाला हसलो याचा विचार मी नंतर निवांत करते. टेबलावर सहीचा कागद होता, त्यावर मागच्या आठवड्यात दिलेल्या रक्ताची तारीख होती. ती पुढं बरंच काही सांगत होती. काळजी नको, उलट चांगलंच आहे, डॉक्टर परगावी गेलेत, पुढच्या बुधवारी आले की नीट समजावतील. उलट चांगलंच, असं तर दवाखान्यात सगळ्यांचंच होत असतं. माझ्या मामेबहिणीचं पित्ताशय काढलं तेव्हाही उलट चांगलंच झालं होतं. मी सही केली, ती ओळ सोडून खाली घसरली, आणि मी बाहेर रस्त्यावर आले. ऊन छान पडलं होतं. मी पर्स उघडली, बंद केली, परत उघडली. काय शोधत होते कोण जाणे. दोनशे दहावरून मी शून्यावर आले होते, आणि घरी गेल्या गेल्या नवरा विचारणार होता, किती?

हे दोनशे दहा काय ते सांगायला हवं, नाहीतर कुणाला वाटायचं साखर. माझ्या नवऱ्याला एचआयव्ही आहे आणि मला नाही. कुठून आला हे मी एकदाच विचारलं, त्यानं एकदाच सांगितलं, लग्नाआधीची गोष्ट, आणि आमच्या दोघांपुरतं ते तिथंच मिटलं. आमचं लग्नच उशिरा झालं. मी तेहतीस, तो अडतीस. लग्नानंतर पाच वर्षांनी त्याच्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलं, त्याआधी रक्त तपासलं, तेव्हा कळलं. म्हणजे पाच वर्षं आम्ही नवराबायको जसे राहतात तसे राहिलो, काही एक न कळता, आणि तरी माझी तपासणी कोरी. परत केली, कोरी. तीन महिन्यांनी केली, तरी कोरी. तेव्हा त्या हॉस्पिटलात काही डॉक्टर माझ्यासारख्यांचाच अभ्यास करत होते. ज्यांना लागण व्हायला हवी होती आणि झाली नाही, अशा लोकांचा. आपण अशा यादीत बसतो हे ऐकून मला आधी लाज वाटली आणि मग, खोटं कशाला बोलू, थोडं बरं वाटलं. शाळेत मला कधी कुठल्या यादीत घेतलं नव्हतं. गाण्यात नाही, पळण्यात नाही. उंची मध्यम, रंग मध्यम, मार्क मध्यम. सहा महिन्यांतून एकदा चार नळ्या रक्त द्यायचं एवढंच काम होतं, ते मला जमण्यासारखं होतं.

तिथली मोजणारी म्हणजे एक बारीकशी बाई, बहुधा माझ्याच वयाची, दिवसभर भिंगाला डोळा लावून बसते. पहिल्या वेळी तिनं मला खुर्चीवर बसवून दाखवलं होतं. पांढरी प्लेट, तिला बटणाएवढ्या वाट्या, आणि एका वाटीत निळसर काळे ठिपके. पावडरच्या डब्याला शाईचा हात लागावा तसे. ती म्हणाली, "तुमच्या रक्तातल्या पेशींसमोर आम्ही त्या विषाणूचे तुकडे ठेवले. नुसते तुकडे, त्यांनी काही होत नाही. ज्या पेशीनं ओळखलं, तिनं ठिपका उमटवला. बघा, किती आहेत." मी बघत राहिले. माझ्या अंगातल्या दोनशे दहा जणींनी त्याला ओळखलं होतं. म्हणजे तो आला होता. माझ्या दारापर्यंत आला होता, आत डोकावला होता, आणि यांनी त्याला हुसकून लावलं होतं, आणि मी त्या वेळी काय करत होते? कुणाची तरी पँट दोन बोटं आखूड करत बसले असेन. मी घरी शिवणकाम करते, नवं फारसं नाही, जुनंच घट्ट करायचं, सैल करायचं, अस्तर बदलायचं. अंगाची मापं घेण्यात जन्म गेला आणि आपल्या अंगात काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता. त्या दिवशी दुकानात रांगेत पुढची बाई तिच्या मुलाला किती टक्के पडले ते सांगत होती, आणि माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, माझे दोनशे दहा.

डॉक्टरांनी मात्र पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगितलं होतं. हे ठिपके म्हणजे कवच आहे असं समजू नका. असं ज्यांच्यात दिसलं त्यांनाही पुढं लागण झालेली आहे. का होत नाही, केव्हा होते, हे आम्हालाच अजून धड कळलेलं नाही. तुमचं खरं रक्षण यजमानांच्या गोळ्या करतात. त्या रोज वेळेवर चालू आहेत, आता त्यांच्या रक्तात विषाणू सापडत नाही, आणि सापडत नाही तोवर त्यांच्यापासून तुम्हाला होणारही नाही, निर्धास्त राहा. डॉक्टर इतकं सविस्तर बोलले, आणि मी त्यातलं फक्त एक वाक्य घरी नेलं. दोनशे दहा जणींनी ओळखलं. बाकीची वाक्यं तिथंच टेबलावर ठेवून आले. चूक म्हणा, लबाडी म्हणा.

पण मी तरी काय करणार होते? ऑपरेशनच्या आधी कळलं त्या दिवसापासून नवरा बाहेरच्या खोलीत घडीच्या खाटेवर झोपत होता. अकरा महिने. खाट इतकी आखूड की त्याचे पाय शिलाई मशीनच्या पायडलवर यायचे आणि झोपेत कूस बदलली की मशीन चालू व्हायचं. मी आतून ऐकायची. रिकामी सुई खाली वर, खाली वर. हसू यायचं आणि मग रडू यायचं, आणि दोन्ही एकटीलाच. मी त्याला डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं होतं. तुझ्या रक्तात आता सापडत नाही म्हणतात, मग काय अडचण आहे? तर तो म्हणाला, "सापडत नाही म्हणजे नाही, असं कुठं असतं?" तो लिफ्ट दुरुस्त करतो. मोठमोठ्या इमारतींतल्या लिफ्टची महिन्याची तपासणी करून कागदावर लिहायचं, 'दोष आढळला नाही', हे त्याचं पंचवीस वर्षांचं काम. "मी रोज दहा ठिकाणी लिहितो ते," तो म्हणाला. "त्या वाक्याची किंमत मला विचार." आता याच्यापुढं काय बोलणार? दगडावर डोकं आपटलं तर दगडाचं काय जातं. पण दोनशे दहा हा आकडा ऐकला आणि तो थांबला. आढळला नाही, यावर त्याचा विश्वास नव्हता. आढळलं, मोजलं, इतकं निघालं, यावर होता. "म्हणजे तुझ्याकडं आपली वेगळी सोय आहे," तो म्हणाला, आणि चार दिवस गप्प राहिला, आणि पाचव्या दिवशी उशी काखेत मारून आतल्या खोलीत आला. येताना दार वाजवलं. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच बायकोच्या खोलीचं. मी आतून म्हटलं, "कोण आहे?" "दुरुस्तीवाला," तो म्हणाला. त्यानंतर बरीच वर्षं आमचं बरं चाललं होतं. फार बरं, असंही म्हणेन. डॉक्टर सांगत होते त्याहून तो जास्तच सांभाळून राहायचा, पण असायचा जवळ.

आकडाही दोनशेच्या आगेमागे असायचा, तो मी खरा सांगायचे. मग गेल्या दोन वर्षांत तो उतरायला लागला. आधी एकशेचाळीस. डॉक्टर म्हणाले, असं होतं. मी का म्हणून विचारलंसुद्धा नाही, कारण माझ्या डोक्यात घर चालू होतं. घरी पोचले तेव्हा दारात तो बूट काढत होता. किती? असं त्यानं वर न बघता विचारलं आणि माझ्या तोंडून निघालं, दोनशे दहा. इतकं सहज निघालं की मलाच ते खरं वाटलं. त्याच्याकडं एक छोटी वही आहे, पहिल्या पानापासून तारीख आणि आकडा. त्यात त्यानं नीट लिहून घेतलं. पुढच्या वेळी पंच्याऐंशी होते, मी सांगितलं दोनशे दहा. त्यानंतर तीस. सांगितलं दोनशे दहा. एकदा खोटं बोललं की ते पोरासारखं पोसावं लागतं, हे आई म्हणायची. तिला स्वतःला एकही खोटं नीट जमलं नाही, म्हणून तिला जास्त माहीत. याच सुमाराला केव्हातरी आमच्या मध्ये एक लांब लोड आला. पाठ धरते, टेकायला लागतं, असं नवरा म्हणाला. लिफ्टच्या खड्ड्यात वाकून वाकून पाठ जायचीच, मीच त्याला अभ्रा शिवून दिला. चांगला जाड, निळ्या पट्ट्यांचा. रोज झोपताना तो लोड मध्ये सरळ करतो, आणि लोडाच्या पलीकडून म्हणतो, झोपलीस का? आणि मी अलीकडून हो म्हणते.

घर तसं वीस मिनिटांवर आहे, मी दीड तास लावला. एका बागेत बाकावर बसले. समोर दोन म्हातारे बुद्धिबळ खेळत होते आणि एकमेकांच्या चाली परत करून देत होते. मी डाव्या दंडाकडं बघितलं, मागच्या आठवड्याच्या सुईची पिवळट खूण अजून होती. आतल्या सगळ्या जणी गेल्या कुठं? मला न विचारता, न सांगता. कामावर बाई ठेवली तरी ती जाताना सांगून जाते. मनात येत होतं, आता अंग नुसतंच अंग उरलं, मध्यम, जसं आधी होतं. मापं घ्यायला सोपं. मग भीती वाटली, पण गंमत म्हणजे आजाराची नाही. आजाराची भीती मी त्या तीन तपासण्यांच्या दिवसांत सगळी वापरून टाकली होती. भीती त्या खाटेची होती. ती अजून माळ्यावर आहे. मी दोनदा विकायला काढली, त्यानं दोनदा परत ठेवली, असू दे, लागेल, म्हणून. लागेल म्हणजे काय? मी बाकावर बसून बोलायची तयारी करायला लागले. दोनशे दहा, हे पाचव्यांदा म्हणून बघितलं. मनातल्या मनातही ते खोटंच ऐकू आलं. दोनशे पाच म्हणावं का? जरा खरं वाटेल. दोनशे बारा? एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "उचल तो घोडा, तू तिथं ठेवलाच नव्हता." दुसरा म्हणाला, "ठेवला होता रे. मूर्खासारखा ठेवला होता, पण ठेवला होता." आणि त्यानं तो मारू दिला. मला एकदम आलं हसू. आणि हसता हसता कंटाळा आला, त्या आकड्याचा, माझ्या तोंडाचा, दारात बूट काढत विचारायच्या त्याच्या त्या पद्धतीचा. असा कंटाळा आला की भीती बाजूला सरकून बसली आणि मला उठायला जागा झाली.

त्याची सुट्टी होती. सुट्टीच्या दिवशी तो माझ्या मशीनला तेल घालतो, म्हणजे मशीनला कमी आणि जमिनीला जास्त. मी आत आले तेव्हा तो पालथा पडून पायडलच्या खाली शिरला होता, नुसते पाय बाहेर.

"किती?" पाय म्हणाले.

"शून्य," मी म्हटलं.

पाय हलले नाहीत. मग तो हळूहळू मागं सरकत बाहेर आला, उठून बसला, चिंधीला हात पुसले. प्रत्येक बोट वेगळं. मी उभीच होते, पर्स खांद्यालाच. मला वाटलं आता हा माळ्याकडं बघणार. त्यानं बघितलं नाही.

"आज शून्य," तो म्हणाला. "आणि मागच्या वेळी?"

"तीस."

"त्याच्या आधी?"

"पंच्याऐंशी. त्याच्या आधी एकशेचाळीस. तुला सगळे खोटे सांगितले. आता ओरड, नाहीतर खाट काढ, काय करायचं ते कर, पण मला आधी पाणी पिऊ दे."

मी पाणी प्यायले. तो वही काढून बसला होता. चष्मा कपाळावरून खाली आला होता. एकेक दोनशे दहा खोडून बाजूला नवा आकडा लिहीत होता, कसलीही घाई नसल्यासारखा.

"खोटे आहेत हे मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"दुसऱ्या वेळेपासून. अगं, काटा हलला नाही की मीटर बंद असतं. हे आमच्याकडं नवीन पोरालाही माहीत असतं. दर वेळी दोनशे दहा. एखादा वर नाही, खाली नाही. बाजारातून वांगी आणलीस तरी तुझा हिशोब दोनदा सारखा येत नाही."

मी स्टुलावर बसले. त्या स्टुलावर तेल होतं, हे मला नंतर कळलं.

"मग तेव्हाच का नाही बोललास? बाहेर का नाही गेलास?"

तो वहीतच बघत होता. कान मात्र लाल झाले होते; याचे कान शाळेतल्या मुलासारखे लाल होतात. "निघालो होतो," तो म्हणाला. "चादर घेतली होती हातात. मग म्हटलं, ही बाई खोटं बोलतेय, तिला खोटं बोलायला येत नाही, दारात उभी राहून घाम पुसत आकडा सांगते, आणि कशासाठी, तर मी आत झोपावं म्हणून. तर झोपू या की आत. जायचं कसं असल्या बाईला सोडून? म्हणून मग लोड आणला."

"पाठीसाठी आणलास ना?"

"माझी पाठ चांगली आहे."

वर्षभर. वर्षभर मी त्या पाठीला तेल चोळत होते. मी सांगितलं त्याला तसं, आणि तो म्हणाला, तेल चोळलेलं बरं वाटायचं, त्यात खोटं काही नव्हतं. मला चिडायचं होतं आणि डोळे भरून येत होते, आणि दोन्ही एकदम होत असल्यानं मी नुसती नाक ओढत बसले. माझ्या खोट्यावर त्यानं त्याचं खोटं घातलं होतं, अस्तर लावावं तसं, आणि आम्ही दोघं ते अंगात घालून सुखानं हिंडत होतो.

"पण आता शून्य आहे," मी म्हटलं. "आता खरंच काही नाही माझ्यात. तुझी ती वेगळी सोय संपली."

त्यानं वही माझ्यापुढं धरली. तेलाचं बोट पानावरून वरून खाली नेलं. दोनशे दहा, मधले दोनशेच्या आगेमागचे, मग एकशेचाळीस, पंच्याऐंशी, तीस, आणि शेवटी त्याच्या गोलगरगरीत हातानं काढलेलं शून्य. "लिफ्टला एक पकड असते," तो म्हणाला. असं तो म्हणाला की मी एरवी उठून स्वयंपाकघरात जाते, पण आज बसून राहिले. "दोर तुटला, डबा खाली यायला लागला, की ती पकड दोन्ही बाजूंचे रूळ चावून धरते. डबा जागच्या जागी. पण रुळावर ओरखडा उठतो. आम्ही तपासायला गेलो की पहिला हात रुळावर फिरवतो. ओरखडे ताजे असले तर समजायचं, लिफ्ट पडत होती, पकडीनं वाचवली. जुने असले तर तेल बसून बसून बुजत जातात."

"आणि नसलेच तर?"

"नसले तर पकड गेली, असं तू म्हणतेस." त्याला बोलायला जड जात होतं, आणि चेहरा मात्र उजळत चालला होता, कोड्याचं उत्तर मागच्या पानावर न बघता सुटलं की उजळतो तसा. "अगं, नसले तर लिफ्ट पडलीच नाही. किती वर्षांत ओरखडा नवा नाही. तुझ्यापर्यंत काही आलंच नाही गं. माझ्याकडून काही गेलंच नाही. ओळखायला कुणी आलं नाही, म्हणून त्या बिचाऱ्या विसरल्या."

"डॉक्टर हेच सांगत होते," मी म्हटलं. "त्या गोळ्यांमुळं होत नाही म्हणून. पहिल्या दिवसापासून."

"डॉक्टर सांगत होते, 'आढळलं नाही'. त्यांचं ते म्हणणं माझ्या रक्ताबद्दल होतं. हे तुझ्याकडून आलंय. हे मोजलेलं आहे."

शून्य मोजलेलं आहे म्हणणारा माणूस जगात हा एकटाच असेल. डॉक्टरांना पुढच्या बुधवारी विचारू, मी म्हटलं, दोघं जाऊन विचारू. विचारू की, तो म्हणाला. मग त्यानं वही मिटली, मशीनवर ठेवली, आणि माझा हात हातात घेतला, तेलकट हातानं, बोटांत बोटं घालून. सहा वर्षांत त्यानं माझा हात शेकडो वेळा धरला असेल, रस्ता ओलांडताना, दवाखान्यात, पण दर वेळी त्यात थोडं जपणं असायचं, दुसऱ्याच्या घरची कपबशी धरावी तसं. आता ते नव्हतं. आता नुसता हात होता, जड, गरम, घसरडा. मी दोन्ही खिडक्यांकडं बघितलं. तोही खिडक्यांकडंच बघत होता.

"दुपारचे तीन वाजलेत," मी म्हटलं.

"वाजू देत."

"बँडवाले काका यायचेत. पँटची कंबर सैल करून हवीय त्यांना, संध्याकाळी कार्यक्रम आहे."

"तीन जिने आहेत. सावकाश येतील."

तो उठला आणि त्यानं खिडक्या लावल्या, एक, दोन, आणि आतल्या खोलीत जाऊन तो लोड उचलून बाहेर आणला आणि घडीच्या खाटेच्या जोडीला माळ्यावर फेकला, असा फेकला की वरून धूळ पडली आणि आम्ही दोघं शिंकलो. पंचेचाळिसाव्या वर्षी माणसाला लाजायला होतं हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, हात तरी धू. तो म्हणाला, धुतो, आणि धुतले नाहीत.

मग केव्हातरी बेल वाजली. बँडवाले काका दारापलीकडं धापा टाकत होते, अगदी स्पष्ट ऐकू येत होतं. त्यांनी बेल परत वाजवली, मग हाक मारली, "ताई, आहात का घरी?" नवऱ्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला, कारण मी हसत होते, आणि मी त्याच्या तोंडावर ठेवला, कारण तोही. पॉलिश केलेले बूट एकेक पायरी खाली उतरत गेले. आम्ही दार उघडलं नाही.